रसद, गोदाम आणि हिशेब
सैन्याच्या पुरवठाखात्यांकडून व्यापारी व कारागिरांनी काय शिकावे?

युद्धाची बातमी वाचताना आपले लक्ष तोफांकडे आणि विमानांकडे जाते. त्या तोफेपर्यंत गोळा कोणी पोहोचविला, सैनिकाच्या बुटाचा तळ झिजल्यावर दुसरा बूट कोठून आला, हे कोणी विचारत नाही. वास्तविक प्रत्येक सैन्यामागे कोठारे, कार्यशाळा, उपाहारगृहे, वाहनतळ आणि खरेदी कचेऱ्या यांचे मोठे जाळे असते. तेथे काम करणारे लोक लढत नाहीत. ते माल मागवितात, साठवितात, दुरुस्त करतात आणि पोहोचवितात. म्हणजे आपण जे करतो तेच करतात, फक्त फार मोठ्या प्रमाणावर.

या खात्यांनी मोठ्या चुका केल्या आणि त्या चुकांचे हिशेब सरकारी तपासनिसांनी उघडपणे मांडले. दुकानदाराची चूक त्याच्या वहीतच दडून राहते, सैन्याची चूक अहवालात छापली जाते. म्हणून या अहवालांतून शिकणे आपल्याला स्वस्त पडते. आज आम्ही वाचकांपुढे असेच काही प्रसंग आणि त्यांवरून निघणारे धडे ठेवीत आहोत.

पहिला धडा : माल आहे, पण कोठे आहे?

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. त्यानंतर काही महिन्यांत अमेरिकेने पाच लाखांहून अधिक सैनिक आखातात उतरविले. सौदी अरबस्तानच्या दम्माम बंदरात जहाजामागून जहाज रिकामे होऊ लागले. सुमारे ४० हजार कंटेनर आले. परंतु त्यांपैकी निम्म्याहून अधिक कंटेनरांत काय आहे हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नव्हते. कागद एकीकडे, कंटेनर दुसरीकडे अशी गत झाली. वाळवंटात मालाचे डोंगर उभे राहिले. पुढे अमेरिकी सैन्यातच त्यांना ‘लोखंडी डोंगर’ म्हणू लागले.

खरा घोटाळा पुढेच झाला. मागितलेला सुटा भाग वेळेवर मिळाला नाही की तुकडीचा कारकून तोच भाग पुन्हा मागवी, कधी तिसऱ्यांदाही मागवी. ‘एक तरी येईल’ असा त्याचा हिशेब. त्यामुळे डोंगर आणखी वाढला आणि हवी ती वस्तू त्याखाली आणखी खोल गाडली गेली. मालाचा तुटवडा नव्हता, माहितीचा तुटवडा होता. पुढे अमेरिकी सैन्याने कंटेनरांवर रेडिओ लहरींनी ओळख देणाऱ्या पट्ट्या बसविल्या, त्या याच अनुभवातून.

आता आपल्या गोदामाकडे पाहू. मालेगाव किंवा भिवंडीच्या एखाद्या कारखान्यात सुताची पोती एकावर एक रचलेली असतात. कोणत्या नंबरचे सूत कोणत्या पोत्यात आहे हे एकट्या जुन्या मुकादमाला ठाऊक असते. मुकादम गावी गेला की मालक बाजारातून नवे सूत आणतो आणि महिन्याने तेच सूत खालच्या थरात सापडते. यासाठी रेडिओ पट्टीची गरज नाही. प्रत्येक फळीला क्रमांक, प्रत्येक पोत्याला चिठ्ठी, आणि आलेला-गेलेला माल त्याच दिवशी नोंदविणारी एक वही पुरेशी आहे. वही मालकाच्या डोक्यात नको, गोदामाच्या दाराशी हवी.

दुसरा धडा : पडून असलेला माल म्हणजे श्रीमंती नव्हे

अमेरिकी संसदेची एक हिशेब तपासणारी संस्था आहे, आपल्याकडील ‘कॅग’सारखी. तिने १९९० साली संरक्षण खात्याच्या साठ्याचा कारभार ‘अतिधोक्याच्या’ यादीत घातला. १९९५ च्या आकडेवारीनुसार या खात्याकडे सुमारे ७० अब्ज डॉलर किमतीचे सुटे भाग आणि इतर साहित्य होते आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मे चालू गरजेसाठी किंवा युद्धाच्या राखीव साठ्यासाठी लागणारेच नव्हते. साठ्याचा कारभार या यादीतून बाहेर यायला २०१७ साल उजाडले आणि पुरवठ्याचा संपूर्ण विषय २०१९ मध्ये यादीतून निघाला. गोदाम भरायला एक वर्ष पुरते, सवय मोडायला पाव शतक लागते, असाच याचा अर्थ.

हा माल का साचला? कमी पडला तर अधिकाऱ्याला जाब विचारला जाई. जास्त पडून राहिला तर कोणी विचारीत नसे. जेथे तुटवड्याची शिक्षा आहे आणि पडून राहिलेल्या मालाची शिक्षा नाही, तेथे गोदाम फुगणारच.

आपल्या दुकानात मात्र ती शिक्षा रोज होते, फक्त दिसत नाही. एक साधा हिशेब करू. समजा एका व्यापाऱ्याचे एक लाख रुपये मालात गुंतले आहेत आणि एका फेऱ्यात खर्च वजा जाता शेकडा पाच रुपये सुटतात. वर्षात भांडवल चार वेळा फिरले तर २० हजार रुपये सुटतील. तेच भांडवल सहा वेळा फिरले तर ३० हजार. भाव वाढविला नाही, नवे भांडवल आणले नाही, कोणाचे कर्ज काढले नाही. केवळ माल लवकर हलला म्हणून १० हजार जास्त मिळाले. याच एक लाखातील ३० हजारांचा माल वर्षभर हललाच नाही, तर धंदा खरोखर ७० हजारांवरच चालला असे समजावे.

पडून असलेला माल कधी कधी जिवावरही बेततो. ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथील केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागून भीषण स्फोट झाला आणि अधिकारी, जवान व अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. गळती लागलेल्या जुन्या सुरुंगांच्या साठ्याचा प्रश्न त्यावेळी पुढे आला. आपल्याकडे दारूगोळा नसतो हे खरे. पण रंग, रसायने, चिकटद्रव्ये आणि फोमचे तुकडे कोपऱ्यात साठवून त्याच माळ्यावर कारागिरांना झोपविणारे कारखाने कमी नाहीत. बिनकामाचा माल वेळेवर काढणे हा नफ्याचा प्रश्न आहेच, माणसांच्या जिवाचाही आहे.

तिसरा धडा : वेळ कोठे जातो ते मोजा

१९९५ साली अमेरिकी सैन्याने ‘वेग व्यवस्थापन’ या अर्थाच्या नावाची मोहीम हाती घेतली. ‘रँड’ या संशोधन संस्थेचे लोक मदतीला होते. पद्धत तीनच शब्दांची : ठरवा, मोजा, सुधारा. सुटा भाग मागविल्यापासून हातात पडेपर्यंत किती दिवस लागतात हे त्यांनी कागदावरून ठरविले नाही. मागणीपत्राच्या मागे स्वतः चालत जाऊन पाहिले. कोणाच्या मेजावर ते किती वेळ पडते, कोठे सही लागते, गाडी कधी सुटते हे टिपले.

दिसून आले ते असे की प्रवासाला वेळ थोडा आणि वाट पाहण्यात वेळ फार. कारकून मागणीपत्रे साठवून एकदम पाठवी. गाडी भरेपर्यंत थांबे. आलेला माल उघडण्याआधी पडून राही. मग ठरलेल्या वेळी सुटणाऱ्या गाड्या लावल्या, सह्या कमी केल्या, मागण्या रोजच्या रोज पाठविल्या. फोर्ट ब्रॅगसारख्या छावण्या यात आघाडीवर होत्या. काही वर्षांत देशांतर्गत मागणी पुरी होण्याचा नेहमीचा काळ निम्म्याहून कमी झाला. नवी विमाने घेतली नाहीत, फक्त मधली वाट पाहणे काढले.

आपल्या चामड्याच्या कारखान्यात हेच करून पाहता येईल. बॅगांची एक ऑर्डर २१ दिवसांत पुरी होते असे धरा. कटिंग एक दिवस, शिलाई चार दिवस, फिनिशिंग एक दिवस, म्हणजे प्रत्यक्ष काम सहा दिवसांचे. उरलेले १५ दिवस कोठे गेले? अस्तर आले नव्हते, चेनचा रंग गिऱ्हाईकाने कळविला नव्हता, कापलेला माल शिलाईवाल्याच्या घरी पडून होता. आपण कारागिराला ‘हात चालव’ म्हणून ओरडतो. पण कारागीर दुप्पट वेगाने शिवू लागला तरी २१ चे १९ दिवसच होतील. चेन आणि अस्तर वेळेवर आणले तर २१ चे १० होऊ शकतील.

प्रत्येक ऑर्डरबरोबर एक कागद फिरवावा. माल कोणाकडे कोणत्या तारखेला आला आणि कोणत्या तारखेला गेला, एवढेच त्यावर लिहावे. दहा ऑर्डरींचे कागद समोर ठेवले की दोष कोठे आहे ते कोणाला विचारावे लागणार नाही.

चौथा धडा : तळातल्या माणसाचे मालकापर्यंत पोहोचावे

आखाती युद्धातील पुरवठ्याची जबाबदारी जनरल विल्यम पॅगोनिस यांच्याकडे होती. त्यांनी स्वतःच सांगितलेल्या हिशेबानुसार त्या मोहिमेत १२ कोटी २० लाख जेवणे पुरविली गेली. पुढे ते ‘सीअर्स’ या दुकानांच्या मोठ्या कंपनीत मालपुरवठ्याचे प्रमुख झाले. सैन्यातील कारभार आणि दुकानातील कारभार किती जवळचे आहेत ते यावरून समजावे.

त्यांच्या दोन सवयी घेण्यासारख्या आहेत. पहिली, सकाळची बैठक उभ्याने. खुर्च्या नसल्या की भाषणे लांबत नाहीत. दुसरी, तीन इंच बाय पाच इंचांची साधी कार्डे. कोणालाही अडचण असली की कार्डावर लिहायची. ते वरिष्ठांमार्फत वर जाई, वाटेत ज्याला उत्तर देता येईल तो देई, नाही तर ते थेट जनरलच्या हाती पडे आणि लवकरच उत्तर परत येई. कागद लहान म्हणून लिहिणारा मुद्द्याचेच लिही.

आपल्याकडे लेथवर काम करणाऱ्या मुलाला कळते की अमुक मशीनचा पट्टा आठवड्यात तुटणार आहे. पण तो मालकाला सांगत नाही, कारण मागच्या वेळी सांगितले तेव्हा बोलणी खावी लागली होती. ज्या कारखान्यात वाईट बातमी सांगणाऱ्याचा अपमान होतो, तेथे वाईट बातमी येत नाही, थेट नुकसानच येते. सकाळी दहा मिनिटे सर्वांनी उभे राहून तीन गोष्टी बोलाव्यात : काल काय अडले, आज काय द्यायचे आहे, उद्यासाठी काय कमी आहे.

पाचवा धडा : कोणते काम आपले आणि कोणते दुसऱ्याचे?

येथपर्यंत काम नीट कसे करावे ते पाहिले. पण दूरच्या नियोजनाचा प्रश्न वेगळा आहे. हे काम आपण करावेच का?

आपल्या देशातले उदाहरण घेऊ. सैन्याला शुद्ध दूध मिळावे म्हणून १८८९ साली अलाहाबादला पहिले लष्करी दुग्धक्षेत्र सुरू झाले. त्या काळी बाजारातल्या दुधाची खात्री नव्हती, म्हणून निर्णय योग्य होता. पुढे देशात सहकारी दूधसंघ उभे राहिले आणि ताजे दूध छावणीच्या दारात मिळू लागले. लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ मध्ये अनेक सुधारणा सुचविल्या. त्यांत ही दुग्धक्षेत्रे बंद करण्याचाही समावेश होता. ३१ मार्च २०२१ रोजी ती औपचारिकपणे बंद झाली. १३२ वर्षे चाललेले काम थांबविणे सोपे नसते. पण ज्या कारणासाठी ते सुरू झाले होते ते कारणच उरले नव्हते.

शस्त्रनिर्माणी कारखान्यांचेही असेच. आपल्या राज्यात अंबरनाथ, खडकी, देहू रोड, भुसावळ, वरणगाव, भंडारा, अंबाझरी आणि चांदा येथे हे कारखाने आहेत. त्यांचा कारभार एका मंडळाकडे होता. सैन्याची मागणी ठरलेली, किंमत खर्चाइतकी. किंमत खर्चावरच ठरत असल्यामुळे खर्च कमी करण्याची घाई कोणाला नव्हती. १ ऑक्टोबर २०२१ पासून ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. दारूगोळ्याची कंपनी पुण्यात, ‘यंत्र इंडिया’ नागपुरात, गणवेश व तंबूंची ‘ट्रूप कम्फर्ट्स’ कानपूरला. कामगार संघटनांनी याला कडाडून विरोध केला. त्यांची भीती निराधार म्हणता येणार नाही. कारण २०१७ मध्येच गणवेशासह अनेक वस्तू बाहेरून घेण्यास मोकळीक मिळाली होती आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच गिऱ्हाईकासाठी शिवणाऱ्या शिंप्यांपुढे पहिल्यांदाच स्पर्धा उभी राहिली. एकाच गिऱ्हाईकावर जगणारा कारखाना सरकारी असला तरी सुरक्षित नसतो. मग एकाच निर्यातदारावर किंवा एकाच दलालावर जगणाऱ्या कारागिराची काय कथा?

एकत्र खरेदीचा धडाही येथेच घ्यावा. अमेरिकेत भूदल, नौदल आणि वायुदल एकाच प्रकारच्या वस्तू वेगवेगळ्या घेत. म्हणून १९६१ मध्ये सर्वांसाठी एक पुरवठा संस्था काढण्यात आली. आपल्या एका गल्लीत दहा कारखानदार एकच सूत, एकच रेक्झिन दहा भावांनी आणतात. विक्रीत स्पर्धा असू द्या. खरेदीत एकत्र येण्यास काय हरकत आहे?

सहावा धडा : काटकसरीलाही मर्यादा आहे

कोणी म्हणेल, मग साठा ठेवूच नये, लागेल तसे आणावे. ही दुसऱ्या टोकाची चूक. २००३ च्या इराक युद्धात अमेरिकी सैन्याला बॅटऱ्या, टायर, रणगाड्यांचे पट्टे आणि चिलखती जाकिटे यांचा तुटवडा भासला; २००५ च्या तपासणी अहवालात तो नोंदविलेला आहे. गरजेचा अंदाज चुकीचा, राखीव साठा अपुरा आणि वाटपाची व्यवस्था कच्ची अशी कारणे पुढे आली. म्हणजे एका युद्धात माल जास्त म्हणून घोटाळा, दुसऱ्यात कमी म्हणून.

मग योग्य साठा किती? एक सोपे गणित आहे. रोज लागणारा माल गुणिले पुरवठादाराला लागणारे दिवस, अधिक चार-पाच दिवसांची राखीव बेगमी. रोज १२ किलो सूत लागते, माल यायला ८ दिवस लागतात, तर ९६ किलो. त्यात चार दिवसांचे ४८ किलो राखीव धरले की १४४ किलो झाले. साठा १४४ किलोवर आला की त्याच दिवशी मागणी नोंदवावी. ज्या वस्तूवाचून सारे काम थांबते तिची बेगमी जास्त, जी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते तिची कमी.

दार उघडे आहे, पण तयारी हवी

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. सैन्य आणि संरक्षण खात्याच्या कंपन्या बूट, पट्टे, तंबूचे कापड, पिशव्या, फर्निचर, लहान यंत्रभाग अशा अनेक वस्तू घेतात. केंद्र सरकारच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून व्हावी असे धोरण आहे. त्यात ३ टक्के महिला उद्योजकांसाठी व ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आहेत. ३५८ वस्तू केवळ याच उद्योगांसाठी राखीव आहेत. लघु उद्योगाचा भाव सर्वांत कमी भावापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर त्या कमी भावाला माल देण्याची संधी त्याला मिळते. अनामत रकमेतूनही सूट आहे.

यासाठी ‘उद्यम’ नोंदणी हवी आणि सरकारच्या ‘जेम’ बाजारपेठेत नाव हवे. एक गोष्ट ध्यानात ठेवावी : ही सवलत माल तयार करणाऱ्यांसाठी आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यालाही उद्यम नोंदणी मिळते; पण तिचा उपयोग बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरताच आहे.

पैसे अडकण्याची भीती सर्वांना असते. २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसल्यास १५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत; उशीर झाल्यास व्याजाची तरतूद आहे. ज्यांना व्याज घ्यावयाचे नाही त्यांनाही मूळ रक्कम वेळेवर मागण्यासाठी याच कायद्याखालील परिषदेकडे दाद मागता येते. पण त्यासाठी बिल, पोहोचपावती आणि तारीख हाताशी हवी. तोंडी व्यवहाराला कायदा काय करणार?

उलट बाजूही पाहावी. संरक्षण खात्याच्या करारांत उशिरा माल दिल्यास साधारणपणे दर आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त १० टक्के दंड कापला जातो. तपासणीत नापास झालेला माल परत येतो. शेकडा पाच सुटणाऱ्या धंद्यात दहा आठवड्यांचा उशीर झाला की सारा नफा गेला. म्हणून वरचे धडे आधी, निविदा नंतर. पहिली ऑर्डर आपल्या क्षमतेच्या निम्मी घ्यावी, ती दोन दिवस आधी द्यावी, मग पुढे जावे.

एका वर्षाचा कार्यक्रम

पहिल्या तीन महिन्यांत गोदामाची मोजणी करून वही सुरू करा आणि सहा महिने न हललेला माल मिळेल त्या रास्त भावाने काढा. दुसऱ्या तीन महिन्यांत प्रत्येक ऑर्डरचा तारखांचा कागद ठेवा. तिसऱ्या तीन महिन्यांत मुख्य दहा वस्तूंची मागणीची पातळी ठरवा आणि शेजारच्या दोन-तीन कारखानदारांबरोबर एक तरी वस्तू एकत्र खरेदी करून पाहा. शेवटच्या तीन महिन्यांत गिऱ्हाईकांची यादी मांडा. कोणा एकाकडे निम्म्याहून जास्त माल जात असेल, तर दुसरे गिऱ्हाईक शोधणे हेच पुढच्या वर्षाचे पहिले काम समजा.

यांतले कोणतेही काम करायला मोठे भांडवल लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि रोजची अर्धा तास सवड लागते. आमच्या कारागिरांच्या हातात कसब आहे, त्याविषयी कोणाला शंका नाही. ते कसब हिशेबाअभावी दुसऱ्याच्या नफ्यात जमा होत आहे. ही वही ज्या दिवशी गोदामाच्या दाराशी लागेल, त्या दिवसापासून ते थांबू लागेल.